जाणाऱ्या वाऱ्याचं काय करायचं

दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरलेले नसतात, तोवर सुप्याच्या रस्त्यावर उसाच्या गाड्या दिसायला लागतात. ट्रकच्या बाहेर आलेले उसाचे शेंडे, डांबरावर चिरडलेल्या कांड्यांचा गोडसर वास, ट्रॅक्टरवर मोठ्यानं लावलेली गाणी आणि चढाला लागली की गाडी सोडते तो काळा धूर. लोक म्हणतात, हंगाम सुरू झाला. माझा हंगाम मात्र टेबलावर पहिला टर्बो येऊन पडतो तेव्हा सुरू होतो, कारण माझं गॅरेज टर्बोचं. उसाच्या गाड्या वजनाच्या बाहेर भरतात, तशाच दामटतात, आणि मग बिचाऱ्या टर्बोचे हाल होतात.

यंदाचा पहिला टर्बो परवा आला. ड्रायव्हरनं तो टेबलावर ठेवला आणि तो चहाला गेला. मी चाकाला बोट लावून फिरवून बघितलं आणि तसाच बसून राहिलो. मागच्या हंगामात याच टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून सुमन उभी राहायची आणि दम खायची. सुमन म्हणजे माझी बायको. तो हंगाम आठवायचा नाही असं मी ठरवलं होतं. पण जळलेल्या ऑइलचा वास नाकात गेला आणि ठरवलेलं सगळं तिथंच राहिलं.

टर्बो कधी बघितला नसेल तर सांगतो. लोखंडाच्या दोन गोगलगायी पाठीला पाठ लावून बसल्यासारख्या दिसतात. मधे बोटाएवढा दांडा, दांड्याच्या दोन्ही टोकांना पंख्यासारखं एकेक चाक. एक चाक धुरात, दुसरं स्वच्छ हवेत. इंजिनात डिझेल जळतं, त्याचा जोर पिस्टनला मिळतो, पण सगळा नाही मिळत. बराचसा धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो. तापलेला, जोरात जाणारा धूर, कुणाच्या कामाचा नाही. कुणा शहाण्याला वाटलं की हा जातोच आहे तर याच्या वाटेत एक चाक ठेवू. धूर जाता जाता ते चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक त्याबरोबर फिरतं, आणि ते बाहेरची ताजी हवा दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा मिळाली की जास्त डिझेल नीट जळतं आणि गाडी जोर धरते. जाणारा येणाऱ्याला आत आणतो. आयटीआयच्या वर्गात हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आनंदानं मोठ्यानं हसलो होतो, आणि मास्तरांनी मला वर्गाबाहेर काढलं होतं.

सुपरचार्जरचं तसं नाही. तोही हवाच दाबून भरतो, पण त्याला फिरवायला पट्टा असतो, आणि तो पट्टा इंजिनच्याच शाफ्टवरून येतो. म्हणजे इंजिननं कमावलेल्या ताकदीतली थोडी त्यालाच द्यायची, तेव्हा कुठे तो हवा देणार. आमच्या भागात हा प्रकार कामाला येत नाही. मी बघितला तो आयटीआयतला, मधून कापून लाल-निळा रंगवलेला. मला तो कधीच आवडला नाही. आपल्याच ताटातलं काढून आपल्यालाच वाढायचं, यात कसलं कौतुक? पण खरं तेही सांगायला पाहिजे. सुपरचार्जर लगेच साथ देतो, पाय दाबला की हवा हजर. टर्बोला धूर साठून चाक फिरायला थोडा वेळ लागतो. आणि टर्बो अगदीच फुकटचा नाही. धुराच्या वाटेत चाक बसलं की धुराला थोडं अडायला होतं, तेवढं इंजिनला जास्त रेटावं लागतं. पण ते अडणं फायद्याचं असतं. हे वाक्य पूर्वी मी गिऱ्हाइकांना सहज सांगायचो.

गॅरेजला लागून सुमनची खानावळ होती. पाटी अजून आहे, 'चुलीवरची भाकरी'. ती मूळची राहुरीकडची, मळ्यात वाढलेली, कळायला लागल्यापासून चुलीपुढे बसलेली. लग्नानंतर घरात गॅस आला, पण खानावळ काढायची ठरली तेव्हा तिनं चूलच मांडली. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला तेच हवं असतं. बाभळीचं सरपण, त्याचा तो डोळ्यांना झोंबणारा धूर, आणि त्या धुरात बसून भाकरी थापणारी सुमन. फुंकणी मी करून दिली होती, गॅरेजमधल्या एका जुन्या पाइपाचा तुकडा कापून, कडा घासून.

"हा माझा टर्बो," एकदा ती फुंकणी दाखवत म्हणाली. "तुमच्या टेबलावर लई पडल्यात, माझा एकच हाय."

"हा टर्बो नाही. सुपरचार्जर आहे."

"त्यात काय फरक?"

"फुंकणीत हवा कोण भरतं? तू. तुझ्या छातीची ताकद जाते. स्वतःच्या ताकदीवर हवा भरली की सुपरचार्जर. जाणाऱ्या धुराच्या जोरावर भरली की टर्बो."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, निखाऱ्याला टेकवून फुगवली, आणि मग म्हणाली, "मग लावा की त्या धुराला कामाला. नुसता हिंडतोय घरभर, ना काम ना धंदा."

हे तिनं चेष्टेत म्हटलं, पण माझ्या डोक्यात ते बसलं. मी आधी खरंच एका जुन्या टर्बोचं चाक चुलीवर टांगून बघितलं. ते हललंसुद्धा नाही, चुलीच्या धुराला एवढा जोर कुठून असणार? सुमन पोट धरून हसली. मग मी पत्र्याचा पाइप आणला, चुलीमागे माती लावून बसवला आणि छपरातून वर काढला. धुराडं म्हणतात त्याला, नवीन काही नाही. पण ते पेटलं तेव्हा मला जे दिसलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. गरम धूर पाइपातून वर पळत होता आणि पळता पळता चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत ओढून घेत होता. सरपण आपोआप रसरसत होतं. फुंकणीला हात लावायची गरज नव्हती. टर्बोच झाला तो, चाकाशिवायचा. सुमन त्या दिवशी पदर डोळ्यांना न लावता जेवण रांधत होती आणि अधूनमधून वर पाइपाकडे बघत होती.

ते धुराडं फार टिकलं नाही. गिऱ्हाइकं आत डोकावायची आणि विचारायची, "काकू, चुलीवरचं म्हणता, मग धूर कुठाय?" त्यांना वाटायचं आत गॅस आहे आणि चूल नुसती दाखवायला ठेवली आहे. पुढच्या वळणावर दुसऱ्या एका खानावळीच्या छपरातून रस्त्यावरूनच धूर दिसायचा, गाड्या तिकडे थांबायला लागल्या. एका सकाळी सुमन मला म्हणाली, "काढा ते धुराडं."

"धूर तुझ्या छातीत जातो, त्यांच्या नाही."

"गिऱ्हाइकाला धूर दिसला पायजे. खानावळ माझी हाय, माझं मी बगीन."

खानावळ तिची होती हे खरं. तिनं ती शून्यातून उभी केली होती आणि माझ्या गॅरेजपेक्षा तिचं नाव जास्त होतं. मी दोन दिवस तणतण केली आणि शेवटी पाइप उतरवला. तो गॅरेजमागे गंजत पडला आहे. भंगारवाला दर वेळी मागतो आणि मी त्याच्यावर खेकसतो.

मला राग येतो तो त्या फोटोवाल्यांचा. शनिवार-रविवारी पुण्याहून गाड्या भरून यायच्या. चांगली माणसं असायची, हसतमुख, पोराबाळांची. चुलीसमोर मोबाईल धरायची आणि म्हणायची, "काकू, जरा फुंका ना, धूर येऊ द्या, फोटो छान येतो." आणि सुमन फुंकायची. खोकला यायला लागला होता तरी फुंकायची, वर हसायचीसुद्धा. ते फोटो कुणी पुसले नसतील. कुठल्या कुठल्या मोबाईलमध्ये ती अजून फुंकणी तोंडाला लावून बसली असेल, आणि कुणीतरी खाली लिहिलं असेल की खरी चव इथे मिळते.

खोकल्याची आम्हाला सवय झाली होती. थंडीत वाढायचा, उन्हाळ्यात कमी व्हायचा. मागच्या दिवाळीनंतर मात्र तो गेला नाही. खानावळीतून गॅरेजपर्यंत चार पावलं चालली की ती थांबायची आणि माझ्या टेबलाला हात टेकायची. मान पुढे, खांदे वर, गळ्याच्या शिरा ताठ. मी म्हणायचो, "काय होतंय?" ती बोटानं थांबा म्हणायची. माझ्या हातात पाना असायचा आणि तो धरून मी नुसता बघत राहायचो. तिचा श्वास परत येईपर्यंत माझाही अडकलेला असायचा.

नगरला सावेडीत एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी फुंकायचं यंत्र दिलं, एक्स-रे काढला, आणि मला विचारलं, "तुम्ही घरात बिडी-सिगारेट ओढता?" मी नाही म्हणालो. "मग यांनी चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला?"

"कळायला लागल्यापास्नं," सुमन म्हणाली.

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून आम्हाला समजावलं. "हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर पडत नाही. आतल्या नळ्या सुजून अरुंद झाल्यात. जुनी हवा अडकून बसते, मग नव्या हवेला जागा कुठून मिळणार?"

"सायलेन्सर चोक," मी म्हणालो. बाईंना कळलं नाही, म्हणून मी सांगितलं की गाडीचा सायलेन्सर चोक झाला की धूर आत कोंडतो, नवी हवा शिरत नाही आणि गाडी चढ घेत नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरोबर तसंच आहे. फक्त सायलेन्सर बदलता येतो."

घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. खोलीच्या कोपऱ्यात ते दिवसभर घुं-घुं करायचं, नळी तिच्या नाकाला. त्याला एक नॉब होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की नॉब आम्ही ठरवून दिलाय तिथंच राहील, वाढवायचा नाही. या आजारात ऑक्सिजन जास्त झाला तर माणसाला गुंगी येते, श्वासच मंद होतो. मला ते डोक्यानं पटत होतं. पण ज्यानं आयुष्यभर इंजिनात हवा जास्त कशी भरायची एवढंच केलं, त्याच्या हाताला कसं पटणार? ती धापा टाकायला लागली की माझा हात आपोआप तिकडे जायचा. एकदा तिनं बघितलं.

"हात काढा."

"थोडासाच करतो."

"डॉक्टरनी काय सांगितलंय? तुमचं इंजिन न्हाई मी."

मी हात काढला. पण त्या नॉबशी माझं वैर झालं ते झालंच. इतकं जवळ औषध आणि ते द्यायचं नाही, याच्याइतका छळ नाही. मी उठून गॅरेजमध्ये जायचो आणि तिथं जो सापडेल त्याच्यावर ओरडायचो.

आमच्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांना एक खोड आहे. गाडी बंद करायच्या आधी एक शेवटची जोरदार रेस द्यायची, घुर्रर्र, आणि मग किल्ली फिरवायची. गाडी बंद केली हे गावाला कळलं पाहिजे असा थाट. साध्या इंजिनात त्यानं काही बिघडत नव्हतं. टर्बो मात्र त्यानं मरतो. रेस दिली की चाक भन्नाट फिरतं, आणि त्याच क्षणी इंजिन बंद झालं की त्याला ऑइल मिळत नाही. तापलेला दांडा कोरडाच फिरत राहतो. गाडी थोडा वेळ स्लो ठेवा, चाकाला थंड होऊ द्या, मग बंद करा, असं मी ओरडून सांगतो आणि कुणी ऐकत नाही. त्या हंगामात एका ड्रायव्हरनं माझ्या दारातच तशी रेस दिली. भकभक काळा धूर सुमनच्या खिडकीकडे गेला. मी धावत जाऊन त्याच्या बॉनेटवर पाना आपटला आणि तोंडाला येईल ते बोललो. तो घाबरून खाली उतरला आणि म्हणाला, "दत्ताभाऊ, टर्बोच हाय ना, माणूस तर न्हाई." त्याला काहीच माहीत नव्हतं. मी तिथंच पायरीवर बसलो, आणि त्यानं मला पाणी आणून दिलं.

लाइट गेली की जास्त भीती. इन्व्हर्टर थोडा वेळ चालायचा. एका दुपारी लाइट गेली ती येईना, लाइनमन म्हणाला संध्याकाळ होईल. इन्व्हर्टर कुईकुई करायला लागला तसा मी माझ्या पिकअपची बॅटरी त्याला जोडली आणि पिकअप चालू ठेवली. तिचा धूर घराकडे येऊ नये म्हणून गाडी उलटी लावली. मग दाराशी उभा राहिलो, एक कान इंजिनकडे आणि एक आतल्या मशीनकडे. इंजिनच्या पट्ट्यावर डायनॅमो, डायनॅमोवर बॅटरी, बॅटरीवर मशीन, मशीनवर सुमन. असल्या उधारीच्या साखळीवर माणूस किती वेळ राहणार? मी घाबरलो होतो. त्याला दुसरा शब्द नाही. इतकी वर्षं हातात ताकद आहे असं वाटत होतं, आणि त्या हातांना करण्यासारखं काहीच नव्हतं.

मग ती मुलगी भेटली. दवाखान्यात श्वासाचे व्यायाम शिकवायची, वयानं लहान, बोलायला गोड. सुमनची धाकटी बहीण शोभा राहुरीहून आमच्याकडे राहायला आली होती, तिलाही समोर बसवून तिनं दाखवलं. नाकानं श्वास घ्यायचा आणि सोडताना ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा. "गरम चहावर फुंकर घालतो ना मावशी, तशी."

सुमनला हसू आलं. "जलमभर फुंकलंच की मी, बाई."

"ते जोरात होतं. हे सावकाश. ओठांनी थोडं अडवलं की आतल्या नळ्या उघड्या राहतात, जुनी हवा नीट बाहेर पडते. मग पुढचा श्वास मोठा येतो."

मी भिंतीला टेकून उभा होतो. जाणारी हवा थोडी अडवायची, म्हणजे येणारी जास्त येते. मला एकदम इतकं बरं वाटलं की मी बाहेरच्या बाकावर जाऊन रडलो. घरी जाताना गाडीत म्हणालो, "सुमन, हा टर्बो आहे." तिला आधी कळलं नाही, मग कळलं. ती म्हणाली, "म्हंजी शेवटी लावलं म्हणायचं कामाला."

फुंकणी आणि फुंकर, दोन्ही एकाच घरातले शब्द. फुंकणी चुलीला आणि फुंकर माणसाला. पोराच्या खरचटलेल्या ढोपरावर, भाजलेल्या बोटावर, डोळ्यात गेलेल्या कचऱ्यावर. पन्नाशी आल्यावर सुमन फुंकर शिकत होती. सकाळचं ऊन ओट्यावर आलं की शोभा तिच्यासमोर मेणबत्ती पेटवून धरायची. ज्योत वाकली पाहिजे, विझता कामा नये. पहिले काही दिवस दर वेळी विझायची आणि सुमन चिडायची, कारण जोरात फुंकायची तिला सवय. मग जमायला लागलं. ज्योत मान झुकवायची आणि पुन्हा ताठ व्हायची. आम्ही तिघं त्या ज्योतीकडे असं बघायचो, जसं काही तीच आमच्या घरातलं आजारी माणूस. एक दिवस सुमन नळी काढून आपल्या पायानं बंद पडलेल्या खानावळीपर्यंत गेली, चुलीतली गार राख हातानं सारखी केली आणि परत आली. मला वाटलं, निघेल यातून.

संक्रांतीच्या सुमारास थंडी पडली, नगरची कोरडी, हाडात शिरणारी थंडी, आणि सुमनच्या छातीत कफ झाला. दवाखान्यात तिला मास्क बांधला. मशीन हवा जोरानं आत ढकलायचं आणि ती गुदमरल्यासारखं करून मास्क ओढायची. मी तिचे हात धरायचो. धरायला लागायचे, आणि ती माझ्याकडे अशी बघायची की मी नजर फिरवायचो. डॉक्टरीणबाई मला बाहेर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या की यांचे श्वासाचे स्नायू थकलेत. आपण श्वास सहज सोडतो, यांना तो सोडायलासुद्धा कष्ट पडतात. जेवढा ऑक्सिजन आत जातो त्यातला पुष्कळसा श्वास घेण्याच्या कष्टातच संपतो, बाकी शरीराला फारसं उरत नाही.

त्या पुढे बोलत होत्या, मला ऐकू येत होतं, पण मी आयटीआयच्या वर्गात होतो. लाल-निळा रंगवलेला, मधून कापलेला सुपरचार्जर. इंजिननं कमवायचं आणि त्यानं खायचं. मला तो उगीच नावडत नव्हता.

ती त्यातून थोडी सावरली आणि मास्क निघाला. बाईंनी स्वच्छ सांगितलं की पुढच्या वेळी मास्कनं भागणार नाही, घशात नळी घालावी लागेल, आणि ती परत काढता येईल असं मी म्हणणार नाही. सुमन जागी होती, तिनं ऐकलं. "घरी," ती म्हणाली. शोभा माझ्याकडे बघायला लागली. मी होय म्हणालो. त्या एका शब्दाइतकं जड मी काही उचललेलं नाही.

घरी आणल्यावर मला एक गोष्ट कळली. आपण बोलतो ते बाहेर जाणाऱ्या श्वासावर. श्वास आत घेताना नीट बोलता येत नाही, करून बघा. छातीनं वापरून टाकलेली हवा, तिला धूरच म्हणा, जाता जाता गळ्यातून आवाज फिरवून जाते. म्हणजे सगळ्या माणसांचं सगळं बोलणं, भांडणं, भाव ठरवणं, पोरांना हाका मारणं, हे सगळं टाकाऊ हवेवर चाललेलं असतं आणि कुणाला पत्ता नसतो. सुमनला मात्र ती हवा आता परवडत नव्हती. बोलली की धाप लागायची. मी सारखं म्हणायचो, बोलू नको, गप्प पड. आमच्या घरात जास्त बोलायची ती, मी घुम्या. आणि मीच तिला गप्प करत होतो. तिची वाक्यं तुटली, मग शब्द राहिले. पाणी. ऊन. उशी. मग खुणा. शोभाला तिच्या खुणा माझ्याआधी समजायच्या, त्याचाही मला राग यायचा.

हंगाम संपायच्या आत ती गेली. कारखान्याचा धूर चालू होता, गाड्या चालू होत्या. ते मी सांगणार नाही. त्याच्या थोडं आधीची एक दुपार आहे.

ऊन ओट्यावर होतं. सुमनची खाट दारात ओढली होती, मशीन आत घुं-घुं करत होतं. तिनंच मला हातानं हाकललं होतं, जा, काम करा. मी टेबलाशी एक टर्बो उघडून बसलो होतो, शोभा आत कणीक मळत होती. मागून हाक आली, "दत्ता."

मला वाटलं कुणी ड्रायव्हर आला. वळून बघितलं तर रस्त्यावर कुणी नव्हतं. पुन्हा हाक आली, "दत्ता." बारीक, पण स्पष्ट.

शोभा कणकेच्या हातांनीच दारात आली आणि तिनं मनगट तोंडावर दाबलं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेते, ते बायकांनी भरीस घातलं म्हणून. त्यानंतर सुमननं माझं नाव कधी उच्चारलं नव्हतं, दवाखान्यात नवऱ्याचं नाव विचारलं तरी ती माझ्याकडे बोट करायची. मला ती अहो म्हणायची. बाकी तिचं बोलणं मळ्यातलं, पण अहो मात्र स्वच्छ, त्यातला ह छातीतून आणून म्हटलेला. आयुष्यभर माझं नाव तेच होतं.

मी जाऊन खाटेवर बसलो. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. तिनं श्वास गोळा केला आणि थांबत थांबत सांगितलं, "अहो म्हणाया... लई वारं... लागतं."

तोंडासमोर तळहात धरून म्हणून बघा. अहो म्हटलं की सगळा वारा हातावर येतो. दत्ता म्हटलं की जवळजवळ काही लागत नाही. हे तिनं एकटीनं पडल्या पडल्या शोधून काढलं होतं. कुठला शब्द टाकायचा आणि कुठला ठेवायचा याचा हिशेब करताना तिनं सगळे टाकले आणि मला हाक मारण्यापुरता एक ठेवला. जन्मभर पाळलेला नेम त्यासाठी मोडला. तिचं किती संपलंय, हे मला डॉक्टरांच्या बोलण्यातून कळलं नव्हतं, ते तेव्हा कळलं.

पाणी देऊ का, मशीन बघू का, उशी सरकवू का, असं मी विचारत राहिलो. ती मान हलवत होती. तिला काही नको होतं. ओठांचा चंबू करून तिनं हळूहळू श्वास सोडला, पुढचा घेतला, आणि तो खर्च करून पुन्हा म्हणाली, "दत्ता."

आई गेल्यानंतर मला कुणी अशी हाक मारली नव्हती. मी ओ दिली.